आधी भाडं संपतं, मग सीट

मिरजेहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आखूड करून देते:

«येत्या मे महिन्यात आम्ही पाच जणांनी युरोपला जायचं ठरवलंय. मी आणि हे, मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू. विमान मुंबईहून लंडनला, परतीचं म्युनिकहून. लंडनला नणंदेकडे चार दिवस, मग पॅरिसला तीन रात्री, लुसर्नला पाच, व्हेनिसला दोन आणि शेवटी म्युनिकला पुतण्याकडे तीन दिवस. मधला सगळा प्रवास रेल्वेने. ह्यांची पस्तीस वर्षं रेल्वेत गेली. ते म्हणतात, तिकडे गाड्या रिकाम्या असतात, स्टेशनवर जाऊन खिडकीवर तिकीट काढू, सहा महिने आधी पैसे कशाला अडकवायचे? मुलाला एका एजंटने सांगितलंय की पाचही जणांचे युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारे पास, घ्या, कटकट मिटेल. सून म्हणते, व्हिसा हातात पडेपर्यंत एक रुपया भरायचा नाही. प्रत्येकाचं ऐकलं की तेच बरोबर वाटतं. चार गाड्या, पाच देश आणि तिथली भाषा एकालाही येत नाही. कोणती तिकिटं आधी काढू, कधी काढू, कुठून काढू? आणि पुतण्यासाठी पेढे न्यायचे आहेत, ते चालतील ना?»

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या यजमानांचं म्हणणं घेते, कारण ते अनुभवातून आलेलं आहे. आपल्याकडे बहुतेक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या स्लीपरचं तिकीट साठ दिवस आधी काढा नाहीतर चार दिवस आधी, रक्कम तीच. आपल्याकडे संपते ती जागा. म्हणून आपली सगळी धडपड बर्थ कन्फर्म होण्यासाठी असते. वेटिंग कितीवर आलं, आरएसी मिळालं का, चार्ट लागला का, हेच प्रश्न. बुकिंगची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली ती १ नोव्हेंबर २०२४ पासून, त्या वेळी घराघरांत जी चर्चा झाली तीही जागेचीच होती, पैशांची नव्हे.

युरोपातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं गणित विमानासारखं आहे. एकाच गाडीतल्या, एकाच डब्यातल्या, शेजारशेजारच्या दोन सीटांची भाडी वेगळी असतात. स्वस्त भाड्याची थोडी तिकिटं आधी सुटतात, ती संपली की पुढची पायरी, मग त्याच्या पुढची. प्रवासाच्या आदल्या दिवशी सीट बहुतेक वेळा असते, यजमानांचं ते म्हणणं पुष्कळसं खरं आहे. पण ती सगळ्यात महाग पायरीवरची असते. लंडन-पॅरिस युरोस्टारचं तिकीट लवकर काढलं तर माणशी चाळीस-पन्नास पौंडांच्या आसपास मिळू शकतं, आयत्या वेळी तेच दोनशेच्या पुढे जाऊ शकतं. एकट्यादुकट्याने हा फटका सोसला असता. तुम्ही पाच जण आहात.

आणि वेटिंग लिस्ट हा प्रकार तिकडे नाही. जिथे आरक्षण सक्तीचं आहे तिथे सीट असेल तर तिकीट मिळतं, नसेल तर दुसरी गाडी बघायची. तत्काळही नाही.

पण म्हणून सगळीच तिकिटं आधी काढायला धावू नका. तुमचे चार प्रवास एकमेकांसारखे नाहीत, तेव्हा एकेक घेऊ.

लंडन ते पॅरिस. हे तिकीट सगळ्यात आधी काढा. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी प्रवासी गाडी एकच, युरोस्टार. तिच्यात आरक्षणाशिवाय चढता येत नाही आणि भाडं झपाट्याने चढतं. सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते आणि सुमारे सव्वादोन तासांत पॅरिसच्या गार दु नॉरला पोचते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: ही गाडी पकडणं हे विमान पकडण्यासारखं आहे. फ्रान्सच्या हद्दीत शिरण्याची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच होते. तुमच्या शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, शिक्का किंवा नोंद तिथेच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने बाहेरच्या प्रवाशांची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात केली आहे, त्यात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. नातू बाराच्या आतला आहे, त्याचा फक्त फोटो. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी गेट बंद होतं. तेव्हा निदान दीड तास आधी स्टेशनात असा, आणि सकाळी सातची गाडी स्वस्त दिसली तरी घेऊ नका. नणंदेच्या घरून पाच माणसं, सात बॅगा घेऊन पहाटे साडेपाचला सेंट पँक्रसला पोचायचं म्हणजे रात्रभर कुणी झोपणार नाही. दहा-अकराची गाडी बघा, माणशी दहा पौंड जास्त गेले तरी चालतील.

पॅरिस ते लुसर्न. हेही आधी. टीजीव्ही लिरिया ही फ्रान्स आणि स्वित्झर्लंडची मिळून चालणारी वेगवान गाडी गार द ल्यों स्टेशनवरून सुटते. लक्षात घ्या, तुम्ही उतरलात ते स्टेशन वेगळं. पॅरिसला अशी अर्धा डझन मोठी स्टेशनं आहेत, दादर आणि सीएसएमटीसारखी एका रेषेतली नव्हेत, शहराच्या वेगवेगळ्या टोकांना. लिरिया साधारण तीन तासांत बाझलला नेते, तिथे गाडी बदलून तासाभरात लुसर्न. लिरियातही सीट सक्तीची. या गाड्या दुमजली आहेत. वरून देखावा चांगला, पण जिना अरुंद आहे आणि बॅगा घेऊन चढायचं असतं. आरक्षण करताना मजला निवडता येत असेल तर तुम्हा दोघांना खालचा घ्या.

हे तिकीट पॅरिस ते लुसर्न असं सलग काढा. पॅरिस-बाझल एक आणि बाझल-लुसर्न दुसरं असं तोडून काढू नका. का, ते पुढे सांगते.

लुसर्नमधले पाच दिवस. इथे सूनबाई आणि यजमान दोघंही जिंकले. स्वित्झर्लंडच्या आतल्या साध्या गाड्यांना सीट आरक्षण लागत नाही. रिगीला जा, टिटलिसच्या पायथ्याशी एंगेलबर्गला जा, इंटरलाकेनला जा. हवामान बघून सकाळी ठरवा. डोंगरावरची तिकिटं सहा महिने आधी काढून ठेवणं हे तर मी कधीच सुचवणार नाही, कारण मे महिन्यात ढग कधी उतरतील याचा भरवसा नाही आणि धुक्यात वर जाऊन पांढरा पडदा बघून परत येणारी माणसं मी पाहिली आहेत. स्विस ट्रॅव्हल पास नावाचा देशांतर्गत पास मिळतो, सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा. गाड्या, बस, तलावातल्या बोटी त्यात येतात, रिगीची रेल्वेही येते, आणि आई-वडिलांकडे पास असेल तर सोळाच्या आतलं मूल फुकट. त्याचं भाडं गर्दी बघून रोज वाढत नाही. आदल्या दिवशी फोनवर घेतलात तरी चालेल. पाचपैकी तीन-चार दिवस खरंच फिरणार असाल तर घ्या, दोनच दिवस बाहेर पडणार असाल तर सुटी तिकिटं बघा.

यजमानांना एक सांगा. रिगीची फित्सनाउहून वर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे १८७१ सालची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. नेरळ-माथेरान सुरू व्हायच्या छत्तीस वर्षं आधीची. पस्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाने ती बघितल्याशिवाय परत येऊ नये.

लुसर्न ते व्हेनिस. हा प्रवास दोन तुकड्यांत होतो. लुसर्न ते मिलान युरोसिटी, सव्वातीन-साडेतीन तास. मग मिलानच्या मुख्य स्टेशनवरून, म्हणजे मिलान चेंत्रालेहून, व्हेनिसपर्यंत फ्रेच्चारोसा ही इटलीची वेगवान गाडी, अडीच तास. सीमा ओलांडून इटलीत जाणाऱ्या युरोसिटीला सीट आरक्षण सक्तीचं, फ्रेच्चारोसालाही. मिलान-व्हेनिस मार्गावर दिवसभर गाड्या आहेत, त्यामुळे अडकून पडायची भीती नाही. पण आधी काढलं तर भाडं निम्म्याहून खाली येऊ शकतं. सुट्टीच्या तारखा ठरल्या असतील तर काढून टाका.

याच मार्गावर गोट्टहार्डचा बोगदा आहे. ५७ किलोमीटर लांब, २०१६ साली सुरू झाला. कोकण रेल्वेवरचा आपला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ करबुडे एकापुढे एक. वेळ वाचतो, पण त्या वीस मिनिटांत काळोखाशिवाय काही दिसत नाही. तुमच्याकडे त्या दिवशी दुसरं काही नसेल तर जुन्या डोंगरी मार्गाचा विचार करा. लुसर्नवरून बेलिन्झोनाकडे ‘त्रेनो गोत्तार्दो’ नावाची साधी गाडी जाते, ती १८८२ च्या जुन्या बोगद्यातून, चढ चढत, वळसे घेत जाते. वासेन नावाच्या गावात एक छोटं पांढरं चर्च आहे. गाडी डोंगराच्या पोटात वळसा घेऊन वर येते तसं ते आधी डोक्यावर दिसतं, मग डोळ्यांसमोर, मग पायाखाली. तीन वेळा. तुमचा नातू ते कधी विसरणार नाही. या गाडीला आरक्षण लागत नाही. फक्त बेलिन्झोनाहून मिलानची युरोसिटी मात्र आरक्षणाची, तेवढी आधी काढा आणि मध्ये भरपूर वेळ ठेवा.

व्हेनिस ते म्युनिक. व्हेरोनावरून आल्प्स ओलांडून, ब्रेनरच्या खिंडीतून, इन्सब्रुकवरून जाणारी गाडी. साडेसहा-सात तास. थेट गाडी दिवसातून एखाद-दुसरीच, म्हणून हे तिकीट लवकर काढा. ते इटलीच्या नव्हे, जर्मनीच्या डॉइच बानच्या किंवा ऑस्ट्रियाच्या ओबीबीच्या वेबसाइटवर शोधा, कारण ही गाडी त्यांची आहे आणि स्वस्त भाडी तिथेच नीट दिसतात. जर्मन भाड्यांत ‘स्पारप्राइस’ आणि ‘सुपर स्पारप्राइस’ असे दोन शब्द दिसतील. सुपर म्हणजे जास्त चांगलं असं समजू नका. ते सगळ्यात स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे बुडाले. रात्रीची ‘नाइटजेट’ही असते, तिच्यात कुशेट म्हणजे आपल्या थ्री-टायरसारखे बर्थ मिळतात, पण तुम्ही दिवसाच जा. त्या दिवसाचा सगळा आनंद खिडकीतच आहे. म्युनिकच्या अलीकडे जर्मन पोलीस डब्यात येऊन पासपोर्ट बघतात. शेंगेन असलं तरी ऑस्ट्रियाकडून येणाऱ्या गाड्यांत ही तपासणी होते. पाचही पासपोर्ट सुनेच्या पर्समध्ये असू द्या, वरच्या रॅकमधल्या बॅगेत नकोत.

आता पासचं बोलू. युरेल पास वाईट नाही, पण तो तुमच्यासाठी नाही. मोठ्या माणसाचा महिन्याभरात चार दिवस प्रवासाचा सेकंड क्लास पास पावणेतीनशे-तीनशे युरोच्या घरात पडतो. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सवलत आहे, नातवाचा पास फुकट. इथपर्यंत एजंट सांगतो. पुढचं बहुधा सांगत नाही: तुमच्या मार्गावरच्या बहुतेक गाड्या सीट सक्तीच्या आहेत, आणि पास असला तरी त्या सीटचे पैसे वेगळे भरावे लागतात, मुलाचेही. युरोस्टारला तीसेक युरो, लिरियाला साधारण तेवढेच, फ्रेच्चारोसाला दहा-पंधरा. शिवाय युरोस्टारसारख्या गाडीत पासवाल्यांसाठी सीटा मोजक्याच ठेवलेल्या असतात. म्हणजे पास घेऊनही आधी बुकिंग करावंच लागतं, कटकट मिटत नाही. चारच प्रवास, तारखा ठरलेल्या, तर सुटी तिकिटं लवकर काढणं स्वस्त पडेल. पास चांगला कुणाला? ज्याला महिनाभर हिंडायचंय, आज कुठे जायचं ते सकाळी उठून ठरवायचंय, आणि जो जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडसारख्या देशांत फिरणार आहे, जिथे बहुतेक गाड्यांत सीट न घेता बसता येतं. एखाद्या कॉलेजच्या मुलाने विचारलं असतं तर मी पासच सुचवला असता.

सुनेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि ती बरोबर आहे. फक्त तिचं म्हणणं वेळापत्रकात बसवायला हवं. तुम्हाला व्हिसा दोन लागतील. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा वेगळा. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. तुमच्या पाच रात्री लुसर्नला आहेत, म्हणजे स्वित्झर्लंडकडे. उद्या कुणाच्या आग्रहाने पॅरिसच्या सहा रात्री केल्यात तर अर्ज फ्रान्सकडे जाईल, म्हणून मुक्काम आधी पक्के करा आणि नंतर हलवू नका. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसपर्यंत जातात. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असतो, तेव्हा दोन व्हिसांना मिळून दोन-अडीच महिने धरा.

आज नोव्हेंबर संपत आलाय. युरोपभरच्या रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर एकदम बदलतं, आणि पुढच्या वर्षीच्या बऱ्याच गाड्यांचं बुकिंग त्याच्या आगेमागे टप्प्याटप्प्याने खुलं होतं. सगळ्या कंपन्या एकाच दिवशी खिडकी उघडत नाहीत. तेव्हा मे महिन्याची एखादी गाडी आज दिसली नाही तर ती रद्द झाली असं समजून घाबरू नका. दर आठवड्याला एकदा बघा. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, तेव्हा शेंगेनचा अर्ज डिसेंबर-जानेवारीत आणि ब्रिटनचा फेब्रुवारीत केलात तर मार्चच्या मध्यापर्यंत दोन्ही व्हिसा हातात असतील, आणि मेच्या प्रवासाला तेव्हाही दीड-दोन महिने उरतात. तेवढ्यातही बरीच चांगली भाडी मिळतात. अर्जासोबत प्रवासाची रूपरेषा द्यावी लागते: कुठल्या तारखेला कुठून कुठे, कोणत्या गाडीने. ती कागदावर नीट लिहा, पण परत न मिळणारी रेल्वे तिकिटं त्यासाठी काढू नका. तुमच्या व्हिसा केंद्राची कागदपत्रांची यादी वाचून घ्या आणि तिच्यात असेल तेवढंच द्या. युरोस्टारचं भाडं मध्येच फार चढताना दिसलं तर तेवढं एक तिकीट व्हिसाआधी काढायला हरकत नाही, पण बदलाच्या अटी वाचून. तारीख बदलता येत असेल आणि फक्त भाड्यातला फरक भरावा लागत असेल, तर धोका लहान आहे.

तारखा धरताना एक गोष्ट कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मे महिना म्हणजे तिकडे सुट्ट्यांचा महिना. १ मे, फ्रान्समध्ये ८ मे, ईस्टर धरून चाळीसाव्या दिवशी येणारा असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार, आणि त्यानंतर अकरा दिवसांनी पेन्टेकॉस्टचा सोमवार. गुरुवारी सुट्टी आली की लोक शुक्रवार टाकून चार दिवस बाहेर पडतात. त्या बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारनंतर गाड्या खरोखर भरतात, आणि यजमानांचं ‘गाड्या रिकाम्या’ हे म्हणणं तिथे चालत नाही. तुमचे चार प्रवास या दिवशी येऊ देऊ नका. मंगळवार, बुधवारची सकाळ उत्तम.

आता ते तोडून तिकीट काढण्याचं. हे माझ्यावर बेतलेलं आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चौघं होतो, सासूबाई बरोबर. दोन कंपन्यांच्या वेबसाइटवर दोन वेगळी स्वस्त तिकिटं काढली, मध्ये गाडी बदलायला पंचवीस मिनिटं. कागदावर भरपूर वाटली. पहिली गाडी पन्नास मिनिटं उशिरा पोचली. सासूबाई बॅगेवर बसून होत्या, आणि मी फलकावर वर वर सरकत गेलेल्या नावांत आमच्या गाडीचं नाव शोधत होते. ती गेलेली होती. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पुढचं तिकीट त्याच गाडीपुरतं होतं, आणि ते आधीच्या गाडीशी जोडलेलं नव्हतं, म्हणून नवं काढा. चौघांचं पूर्ण भाडं. आधी वाचवलेले सगळे पैसे तिथे गेले आणि वर आणखी गेले. त्यात त्या बाईंची काही चूक नव्हती, नियमच तसा होता आणि मी तो वाचला नव्हता.

म्हणून सांगते: जिथे गाडी बदलायची आहे तिथे शक्य तेवढं एकाच बुकिंगमध्ये, एकाच सलग तिकिटावर काढा. युरोपीय संघाचा प्रवासी हक्कांचा नवा नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. सलग तिकीट असेल आणि एका गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर मुक्कामी पोचवायची जबाबदारी रेल्वेची. मुक्कामाला एक तास किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तास किंवा जास्त झाला तर निम्मं भाडं परत मागता येतं. उशीर रेल्वेच्या हाताबाहेरच्या मोठ्या संकटामुळे झाला असेल तर मात्र नाही. जिथे दोन वेगळी तिकिटं घ्यावीच लागतील, तुमच्या बाबतीत ते बहुधा मिलानला, तिथे मध्ये निदान तासभर ठेवा. मिलान चेंत्रालेला फलाटावर शिरताना गेटवर तिकीट दाखवावं लागतं आणि नातवाला भूकही लागलेली असेल. तास काही वाया जात नाही.

बुकिंग करताना मुलाला आणि सुनेला शेजारी बसवा आणि सावकाश करा. नावं पासपोर्टप्रमाणे, अक्षरन् अक्षर. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि पतीचं किंवा वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. तेच तसं भरा. सुनेचा पासपोर्ट माहेरच्या नावावर असेल तर तिकीटही त्याच नावावर काढा, घरात काहीही म्हणत असाल तरी. नातवाचं वय प्रवासाच्या दिवशीचं घाला. काही देशांत मोठ्यांबरोबर मुलाला भाडं लागत नाही, पण तिकिटात त्याची नोंद असावी लागते.

गावांची नावं हा दुसरा घोळ. म्युनिक शोधाल तर ‘म्युन्शेन’ येईल, तेच इटालियन पाटीवर ‘मोनाको’ असू शकतं, कारण इटालियनमध्ये म्युनिकला ‘मोनाको दि बाव्हिएरा’ म्हणतात. फलाटावर ते वाचून दक्षिण फ्रान्सलगतच्या मोनाको देशाची गाडी आली असं वाटून घेऊ नका. व्हेनिसची दोन स्टेशनं: ‘मेस्त्रे’ जमिनीवरचं, ‘सांता लुचिया’ पाण्यातल्या शहराचं. हॉटेल कुठे आहे ते बघून तिकीट काढा. चुकून मेस्त्रेला उतरलात तरी दहा-बारा मिनिटांवर दुसरं आहे, फार बिघडत नाही.

कार्डाचं: बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरू केलेले आहेत ना ते आधी बघा, नाहीतर पैसे भरायच्या पानावर अडकाल. रक्कम रुपयांत भरायची की युरोत असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा दर बहुधा महाग लावलेला असतो. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, त्यामुळे घरी असतानाच सगळं उरकलेलं बरं. रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर आपलं कार्ड कधी कधी चालत नाही. मग रेल युरोप किंवा ट्रेनलाइनसारख्या विक्रेत्यांकडून घ्या, थोडं सेवाशुल्क जाईल पण तिकीट तेच. एजंटकडून घेतलंत तर भाडं किती आणि त्याचं कमिशन किती हे वेगळं लिहून मागा.

तिकीट ईमेलवर पीडीएफने येतं, वर चौकोनी कोड. फोनमध्ये ठेवा, आणि तुमच्या समाधानासाठी प्रत्येकाची एकेक प्रिंट काढा. त्या प्रिंटच्या मागे तुमच्या हाताने मराठीत लिहा: कोणतं स्टेशन, किती वाजता, डबा कितवा, सीट कितवी, कुठे उतरायचं. भाषा येत नाही याची काळजी तेवढ्याने पुष्कळ कमी होते. फलाटांवर ए, बी, सी अशा पाट्या लटकलेल्या असतात आणि तुमचा डबा कुठल्या पाटीपाशी थांबणार ते फलकावर दाखवतात. आपल्या कोच इंडिकेटरसारखंच, यजमान क्षणात ओळखतील. वाटेत काही गाड्या दोन तुकडे होऊन दोन गावांना जातात, तेव्हा गाडी बरोबर असली तरी डबा तुमचाच हवा.

आणि पेढे. ताई, ते नका नेऊ. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस प्रवाशांना आणता येत नाही. पेढे, खवा, पनीर, तूप, सगळं त्यात आलं. लंडनला उतरताना ब्रिटनचाही तसाच नियम आहे. पकडलं तर तुमच्यासमोर टाकून देतील, आणि तुम्ही पहाटे उठून बांधलेला डबा कचऱ्यात जाताना बघणं फार जड जाईल. पुतण्यासाठी मिरजेहून भडंग न्या, शेंगदाण्याची चटणी न्या. घट्ट पॅक करा, दोन पाकिटं जास्त घ्या. ब्रेनर ओलांडेपर्यंत त्यातलं एक तुमच्या नातवाने संपवलेलं असेल.